डाव्या छातीवरचं पदक

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, ते आधीच सांगून टाकतो. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि गिरणीत लागलो. त्यामुळे शब्दही साधेच येतात. जाणकारांनी चुका पोटात घालाव्यात. गोष्ट माझी नाही, हार्टली ग्रीनवुडची आहे. तो माझ्या शेजारच्या मागावर काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत, पाव खाता खाता, मान खाली घालून त्याने ती मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मी फक्त तुकडे जोडले आहेत.

१

हार्टली एकवीस वर्षांचा होता. आईबाप नव्हते. हॉलिनक्लफ गावाच्या वरच्या आळीत सटक्लिफबाईंच्या माडीवरची मागची खोली त्याने भाड्याने घेतली होती, त्याला तीन वर्षं झाली होती. बाई चौऱ्याहत्तरच्या. नजर जवळजवळ गेलेली. तरी घरात त्यांचा हात कुठे अडत नसे. किटली, कप, साखरेचा डबा, सगळं हाताच्या सवयीने चालायचं.

रोज संध्याकाळी गिरणी सुटली की हार्टली चढ चढून यायचा. पायात लाकडी तळाचे, लोखंडी पट्ट्यांचे गिरणीतले क्लॉग. फरशीवर त्यांचा टकटक आवाज व्हायचा. दार उघडलं की आतून प्रश्न यायचा.

"कोण?"

"मीच, बाई."

"मीच कोण? बापाने नाव ठेवलं नाही का तुझं?"

"हार्टली."

"मग तसं सांगावं. चहा गार होतोय."

हे रोजचंच होतं. त्याची पावलं बाईंना कोपऱ्यावरच ओळखू यायची, पण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग तो अंगणातल्या नळावरून पिण्याच्या पाण्याचा पांढरा जग भरून आणायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा. रात्रीचं आणि सकाळचं पाणी त्यातच.

चुलीवरच्या भिंतीवर लूथरचा फोटो होता. लूथर बाईंचा एकुलता एक. विसाव्या वर्षी आफ्रिकेच्या लढाईला गेला. सहा महिन्यांनी पलटणीतून पत्र आलं, की तापाने गेला, तिकडेच पुरला. दोन वर्षांनी टपालाने पदक आलं. चांदीचं, एका बाजूला राणी, वर दोन पट्ट्या, लाल-निळी-नारिंगी फीत. कडेवर बारीक अक्षरांत त्याचा नंबर आणि नाव. नवरा तेव्हा होता, त्यानेच ते वाचून दाखवलं. बाईंनी हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते चहाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. त्याला आता तीस वर्षं झाली होती.

२

नोव्हेंबरची अकरा तारीख जवळ आली. त्या दिवशी अकरा वाजता गिरणी थांबते, चौकात लढाईत गेलेल्यांच्या स्मारकापाशी सगळे जमतात, दोन मिनिटं गाव गप्प उभं राहतं. ज्याने लढाई केली तो आपलं पदक डाव्या छातीवर लावतो. ज्याचा माणूस परत आला नाही, तो त्याचं पदक उजव्या छातीवर लावतो. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारलं तरी हे सांगेल.

शेजारच्या मेबलने बाईंपाशी दरवर्षीचा विषय काढला.

"हॅनाकाकू, या वर्षी तरी लावा हो. माझी आई माझ्या भावाचं लावते, उजवीकडे. बरं वाटतं जिवाला."

"तुझ्या आईने त्याला पुरताना पाहिलं का?"

"नाही, पण पत्र..."

"पत्र! पत्र काय, कोणीही लिहितं. उजवीकडे लावायला मी त्याला मेलेला पाहिला कुठे?"

मेबलने हार्टलीकडे पाहून खांदे उडवले आणि ती निघून गेली. पण दहा तारखेला, रविवारचा कोट घासायला म्हणून हार्टलीने बाहेर काढला, तेव्हा बाईंनी हात पुढे केला.

"तो कोट इकडे दे. आणि डबा काढ वरचा."

"कोणता डबा?"

"माहितीय तुला. मला आता चौकापर्यंत चालवत नाही. डॉक्टर म्हणतो छाती अशीच किती दिवस चालेल सांगता येत नाही. तू घालून जा. एकदा त्याला चौकातून फिरवून आण."

हार्टलीला बोलायचं होतं, की मी तुमच्या नात्यातला नाही, मला हे शोभणार नाही. पण तो मुलखाचा लाजरा. बाई सुईत दोरा ओवू लागल्या, तेव्हा तो गप्प बसला. दोरा सुईत पहिल्या फटक्यात गेला. चाळीस वर्षं त्यांनी गिरणीत कापड दुरुस्तीचं काम केलं होतं. मागावरून आलेल्या कापडात एखादा धागा सुटलेला असला, तर तो बोटांनी शोधून सुईने भरायचा. आंधळी झाली तरी कापडाची उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती, हे हॅना सटक्लिफची बोटं चुकणार नाहीत, असं गिरणीत म्हणायचे.

सकाळी कोट अंगात घालताना हार्टलीने पाहिलं. पदक डाव्या छातीवर शिवलेलं होतं. बारीक, घट्ट टाके.

चुकून झालं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. नजर नाही, कोट मांडीवर उलटा धरला असेल. बाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला, पदक चाचपलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की त्याची जीभ उचललीच नाही.

३

चौकात धुकं होतं. माणसं रांगा करून उभी होती. हार्टली शेवटच्या रांगेत शिरला, तोच बाजूच्या मिशीवाल्याने त्याच्या छातीकडे पाहिलं.

"आफ्रिकेची लढाई! वा रे वा. आईच्या पोटातून बंदूक चालवलीस काय?"

दोघेतिघे हसले. "लाज नाही," कोणीतरी म्हणालं. हार्टलीचे कान तापले. कोट काढून पळावं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला म्हातारा ॲम्ब्लर वळला. त्याच्याही डाव्या छातीवर तेच पदक होतं. लूथरच्याच तुकडीतला तो, हे गावात सर्वांना माहीत होतं. आता शिव्या बसणार म्हणून हार्टलीने मान खाली घातली. पण ॲम्ब्लर त्याच्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर हार्टलीच्या खांद्याच्या थोडी मागे होती. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"सरका जरा," तो हार्टलीच्या शेजारच्याला हळूच म्हणाला. "दोघांना जागा द्या."

शेजारचा सरकला. हार्टलीच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी झाली, आणि गर्दी वाढली तरी तिथे कोणी उभं राहिलं नाही.

अकराचे ठोके पडले. सगळं थांबलं. त्या दोन मिनिटांत हार्टलीला डावीकडून एक आवाज ऐकू आला. कोरड पडलेल्या घशाने माणूस आवंढा गिळतो, तसा. एकदा. मग पुन्हा. तिकडे पाहायचं नाही, एवढं त्याला का कोण जाणे पक्कं समजलं. तो समोरच्या दगडाकडे पाहत राहिला.

पांगापांग झाल्यावर ॲम्ब्लरने त्याला चर्चच्या भिंतीपाशी गाठलं.

"कोणी शिवलं हे डावीकडे?"

"बाईंनी. चुकून झालं, काका."

"हॅनाच्या हातून? चुकून?" ॲम्ब्लर कोरडं हसला. मग त्याचा आवाज बसला. "ऐक, पोरा. त्या तंबूत आम्ही दहाजण जमिनीवर पडलो होतो. लूथर माझ्या शेजारी. तापाने नुसता फणफणलेला, सारखं पाणी मागायचा. आम्हाला ताकीद होती, तापकऱ्याला पाणी पाजायचं नाही. माझ्या बाटलीत पाणी होतं. अर्धी बाटली. मी दिलं नाही."

ॲम्ब्लरने भिंतीला हात टेकला.

"सकाळी तो गेला. बाटलीत पाणी तसंच होतं. हॅनाला यातलं काही सांगू नकोस. आणि कोट घरात नेण्याआधी ते टाके उसव."

हार्टलीने टाके उसवायला हवे होते. खिशात चाकू होता. पण दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"तुझ्याबरोबर कोण आलंय?" त्या म्हणाल्या.

"कोणी नाही, बाई. मी एकटाच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दार लावण्याआधी आणखी एक माणूस आत येईल इतका वेळ ते उघडं धरून उभ्या राहिल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा जग रिकामा होता.

बाईंना रात्री तहान लागली असेल, हार्टलीला वाटलं. पण अख्खा जग? त्याने जग उचलून उजेडात धरला. चीर नव्हती. त्या संध्याकाळी त्याने तो भरून कोरड्या पाटीवर ठेवला. सकाळी पाटी कोरडी, जग रिकामा. तिसऱ्या दिवशीही तेच. मग आपणच झोपेत चालत येऊन पितो की काय, अशी शंका त्याला आली. झोपताना त्याने खोलीच्या दाराच्या कडीला लोकरीचा एक धागा बांधला. सकाळी धागा शाबूत होता. जगात थेंब नव्हता.

कोट जिन्याखालच्या खुंटीवर होता. पदक काढू का, असं त्याने दोनदा विचारलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "घाई काय आहे?"

त्यांच्या गालांवर रंग आला होता. मेबलसुद्धा म्हणाली, "काकू, नवरी दिसताय नवरी! कोणी म्हातारा गाठला की काय?"

"चल, चावट," बाई हसल्या. टेबलावर कप मांडताना त्यांनी तिसराही मांडला. मेबलला वाटलं, तो तिच्यासाठी. ती बसली आणि त्यातून चहा प्यायली. हार्टलीने पाहिलं, की ती गेल्यावर बाईंनी तो कप धुतला, पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवून पाण्याने भरला.

बुधवारी तो चढ चढून येत होता. चार-साडेचारलाच अंधारून येण्याचे दिवस. आळीत धुकं आणि धूर. त्याच्या क्लॉगची टकटक दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत येत होती, हे रोजचंच. पण तिच्यात एक दुसरा आवाज मिसळला होता. जड, खिळे ठोकलेल्या बुटांचा. लाकडाचा आवाज भिंतीवर आपटून चामड्याचा होत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. तो थांबला. टकटक थांबली. बुटांची दोन पावलं आणखी पडली. मग तीही थांबली, अगदी त्याच्या पाठीमागे.

तो धावत सुटला. दारात पोचला तेव्हा आतून बाईंचा आवाज येत होता. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, मग पुढचं बोलायच्या.

"भूक नाही का? पुडिंग ठेवलंय तुझ्यासाठी... बरं, राहिलं... इकडे ये की जरा... अरे, इकडे."

शेवटचे शब्द असे होते, की हार्टलीला दार उघडायचा धीर झाला नाही. तो पायरीवर बसून राहिला, हातपाय गार पडेपर्यंत.

५

त्यानंतर हार्टलीलाही घरात ते ऐकू येऊ लागलं. माडीवरच्या पुढच्या खोलीत, जी लूथरची होती आणि बत्तीस वर्षं बंद होती. भिंतीपासून खिडकीपर्यंत सात पावलं. थांबणं. टाचेवर वळणं. परत सात पावलं. पहारेकरी घालतो तशी गस्त. भर दुपारी, शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होऊन तो घरी आला तेव्हाही ती चालूच होती. घर जुनं आहे, लाकूड थंडीने आखडतं, असं त्याने मनाशी घोकलं. लाकूड आखडतं खरं, पण ते मोजून सात वेळा आखडत नाही.

रविवारी बाईंचा रंग उतरला. जेवणाला त्या बसल्या, पण घास उचलला नाही.

"तो मला ओळखत नाही रे," त्या एकदम म्हणाल्या.

हार्टलीने चमचा खाली ठेवला. कोण, असं विचारण्यात अर्थ नव्हता.

"इथून जातो माझ्या अंगावरून. मी हात पुढे करते. थांबत नाही. पाणी पितो, पितो, आणि परत वर. दहा दिवस झाले, एकदा बसलेला नाही. मला वाटलं होतं, आला की बसेल. आई म्हणेल." त्यांनी पदराने नाक पुसावं तसं एप्रनने पुसलं. "ॲम्ब्लर भेटला होता ना तुला? मेबल म्हणाली. काय बोलला?"

"काही नाही, बाई."

"हार्टली, मी तुझी आई नव्हे. पण तीन वर्षं तुला जेवू घातलंय. मला खोटं वाढू नकोस."

हार्टलीने सांगितलं. तंबू, ताप, पाणी, अर्धी बाटली. सांगताना त्याने टेबलाच्या लाकडातली एक गाठ नजरेने घट्ट धरून ठेवली होती. वर पावलं चालू होती. पाच, सहा, सात. वळण.

"म्हणजे त्या पत्रातलं खरं होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"टाके मी चुकून नाही घातले."

"माहीत आहे मला."

"उजवीकडे लावलं की तो मेला. डावीकडे लावलं की तो पलटणीत आहे. मला तो पलटणीत हवा होता. मरायच्या आधी एकदा, घरात." त्यांनी वर पाहिलं, दिसत नव्हतं तरी. "पण पलटणीतला माणूस पहाऱ्यावर असतो. त्याला कोणी सुट्टी दिल्याशिवाय तो बसतो कसा? आणि ती द्यायची कोणी? मी बत्तीस वर्षं त्याला उभा ठेवलाय, पोरा. तहानलेला."

"तुम्हाला काय माहीत होतं, बाई..."

"कोट आण. आणि कात्री."

६

चार वाजले होते. खिडकीत उजेड थोडाच उरला होता. दिवा लावायला हार्टली उठला, तर बाईंनी नको म्हटलं. त्या कोट मांडीवर घेऊन बसल्या. बोटांनी एकेक टाका शोधायचा, कात्रीचं टोक घालायचं, कच्. पहिला टाका तुटला तेव्हा वरची पावलं थांबली.

दुसरा. तिसरा. जिन्याची वरची पायरी करकरली.

हार्टली ज्या खुर्चीत बसला होता, तिथून स्वयंपाकघराचं अर्धं उघडं दार दिसत होतं. दारापलीकडे जिना. त्याने डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण ते त्याच्याच्याने झालं नाही. प्रत्येक टाक्याला एक पायरी. त्यात घाई नव्हती. दमलेला माणूस कठड्याला धरून उतरतो, तसं.

"झालं," बाई म्हणाल्या. पदक सुटून त्यांच्या तळहातावर आलं होतं. "आता मला लाव. हात कापतायत माझे. उजवीकडे."

हार्टली त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. एप्रनला पिन होती, तीच घेतली. पदक बर्फासारखं गार होतं. फीत बाईंच्या उजव्या छातीवर टोचताना त्याच्या मागे, दारापाशी, कोणीतरी आवंढा गिळला.

त्याने मान वळवली. पूर्ण नाही, थोडीच. दाराच्या कडेवर एक हात होता. खाकी बाही मोठी झालेली, मनगट काठीसारखं, नखं काळवंडलेली. तो हात दार सोडून पुढे आला, हार्टलीच्या कानाजवळून, इतक्या जवळून की त्याला तापाची ऊब लागली. बोटं पदकापाशी थांबली. पदक एकदा हललं. मग तीच बोटं वर गेली आणि बाईंच्या पांढऱ्या केसांवर थांबली. हार्टलीने तेव्हा जमिनीकडे पाहिलं. पुढचं त्याने पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगणार नाही, असं तो मला म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता.

"बस, लूथर. खूप चाललास. काढ ते बूट."

तिसऱ्या कपासमोरची खुर्ची मागे सरकली. बराच वेळ काही नाही. मग बुटाची नाडी भोकांतून ओढली जाण्याचा आवाज, एकेक भोक. एक बूट फरशीवर पडला. थोड्या वेळाने दुसरा. मग एक लांब श्वास, जसा सगळं काम संपल्यावर माणूस सोडतो.

त्यानंतर घर गप्प झालं.

हार्टलीने दिवा लावला तेव्हा खुर्ची टेबलापासून दूर सरकलेली होती. तिच्यावर कोणी नव्हतं, खाली बूट नव्हते. कपातलं पाणी अर्धं प्यायलेलं होतं. अर्धं तसंच ठेवलेलं होतं, तहान भागल्यावर माणूस ठेवतो तसं. बाईंनी कप चाचपला, आत बोट बुडवून पाहिलं आणि त्या हुंदके देऊन रडू लागल्या. बत्तीस वर्षांचं ते रडणं होतं. हार्टली त्यांचा हात धरून बसला.

खूप वेळाने त्या म्हणाल्या, "उद्या पाथरवटाकडे जाशील? लूथरच्या बापाच्या कबरीच्या दगडावर खाली जागा आहे. मीच कोरी ठेवायला लावली होती."

"जातो, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या सुट्टीत हार्टली गिरणीतून निघून तडक पाथरवटाच्या आवारात गेला. पाथरवटाने कानामागची पेन्सिल काढली, एका फळीवर नाव लिहिलं, वय लिहिलं, साल लिहिलं.

"अखेर मानलं म्हणायचं म्हातारीने," तो म्हणाला. "आफ्रिकेत वारला, असंच ना? की गावाचं नाव घालायचं तिथल्या? त्याला अक्षरं जास्त लागतील."

हार्टलीने टोपी काढून हातात घेतली. अनोळखी माणसासमोर त्याला नेहमी घाम फुटायचा, तसा आताही फुटला. पण या वेळी त्याने मान वर केली.

"नाही," तो म्हणाला. "आफ्रिकेत नको. 'घरी' असं लिहा."